अन्ननलिकेला छिद्र : छाती उघडावी की दुर्बिणीतून उपचार घ्यावा?

यावलकर (प्रश्न)

नमस्कार. माझे वडील, ज्यांना घरात सगळे नाना म्हणतात, सहासष्ट वर्षांचे आहेत आणि यावल तालुक्यात आमची केळीची शेती आहे. गेल्या रविवारी दुपारी घरी मटणाचा बेत होता. काळ्या मसाल्याच्या रश्श्यात कळण्याची भाकरी कुस्करून खाताना हाडाचा एक कपचा नानांच्या घशातून खाली उतरला आणि मध्येच अडकला. त्यांना वरची कवळी आहे; टाळू झाकलेला असल्यामुळे घासात हाड आहे हे त्यांना जाणवलेच नाही. आम्ही लहानपणापासून ऐकत आलो तोच उपाय केला, म्हणजे केळे न चावता गिळायला लावले. बागेतल्या घडाची तीन केळी मी स्वतः सोलून त्यांच्या हातात दिली. तिसऱ्या केळ्यानंतर 'उतरले खाली' असे ते म्हणाले आणि आम्ही निर्धास्त झालो.

रात्री दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीत कळा सुरू झाल्या आणि पहाटे ताप भरला. सोमवारी आम्ही जवळच्या एका दवाखान्यात गेलो. हाडाची गोष्ट आम्ही सांगितली होती, परंतु ईसीजी व्यवस्थित आल्यावर पित्ताचे इंजेक्शन देऊन आम्हाला घरी पाठवण्यात आले. मंगळवारी दुपारी नानांना पाण्याचा घोटही गिळवेना, गळ्याच्या खालच्या भागावर सूज आली आणि ती दाबली की बोटाखाली काहीतरी चुरचुरल्यासारखे लागत होते. तेव्हा मात्र आम्ही त्यांना थेट जळगावला आणले. सीटी स्कॅनमध्ये हाड अन्ननलिकेची भिंत भेदून गेलेले दिसले, बाहेर हवा आणि थोडा पू जमलेला होता आणि उजव्या फुप्फुसाभोवती पाणी होते. मंगळवारी रात्री दुर्बिणीतून हाड काढले. ते पावणेतीन सेंटीमीटर लांब असून एका टोकाला सुईसारखे अणकुचीदार आहे. छिद्र दातांपासून २७ सेंटीमीटरवर आहे आणि त्याची लांबी दीड सेंटीमीटर असल्याचे सांगण्यात आले. उजव्या छातीत नळी घातली आहे. आज नाडी १०४, ताप १०१, रक्तदाब औषधाविना ठीक आहे, श्वासासाठी फक्त ऑक्सिजनचा मास्क आहे आणि नाना शुद्धीवर असून बोलत आहेत.

आता आमच्यासमोर दोन मते आहेत. शल्यचिकित्सक म्हणतात की पन्नास तासांहून अधिक काळ गेला आहे, छाती उघडून सर्व स्वच्छ करणे हा खात्रीचा मार्ग आहे. पोटविकारतज्ज्ञ म्हणतात की दुर्बिणीतून छिद्रात स्पंज बसवून त्याला सक्शन जोडता येईल, किंवा स्टेंट टाकता येईल, आणि छाती उघडण्याची वेळ कदाचित येणार नाही. काकांचे म्हणणे असे की चिराच नाही तर उपचार अर्धवटच राहणार. धाकट्या भावाला ऑपरेशनची भीती वाटते. दुर्बिणीचा उपचार हा खरोखर पूर्ण उपचार आहे, की ऑपरेशन टाळण्यासाठी केलेली तात्पुरती सोय आहे? ज्यांना याची माहिती अथवा अनुभव आहे, त्यांनी कृपया लिहावे.

पोटविकार, जळगाव

यावलकर दादा, मी याच शाखेत काम करतो. परंतु नानांना मी तपासलेले नाही आणि त्यांचे सीटीही पाहिलेले नाही. त्यामुळे 'हेच करा' असे मी सांगणार नाही. निर्णय घेताना काय पाहिले जाते ते मात्र सविस्तर लिहितो, कारण ते समजले तर उद्या सकाळी दोन्ही डॉक्टरांना नेमके काय विचारायचे हे तुम्हाला ठरवता येईल.

प्रथम हे समजून घ्यावे की या आजारात माणूस भिंतीला पडलेल्या भोकामुळे दगावत नाही, त्या भोकातून बाहेर गेलेल्या घाणीमुळे दगावतो. अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटीमीटर लांबीची स्नायूंची नळी आहे, आणि जठर व आतडी यांना बाहेरून जे चिवट आवरण असते ते तिला नाही. शिवाय ती छातीच्या मधल्या भागातून, हृदयाच्या मागून आणि महारोहिणीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीला, खेटून जाते. तिला छेद गेला की लाळ, अन्न, तोंडातले जंतू आणि जठरातले आम्ल त्या सैल जागेत पसरतात, आणि प्रत्येक श्वासागणिक छातीत जो ऋण दाब तयार होतो तो ही घाण आत ओढून घेत राहतो. म्हणून उपचार कोणताही असो, त्याला तीन कामे करावीच लागतात : गळती थांबवणे, बाहेर साचलेली घाण काढून टाकणे, आणि जखम भरेपर्यंत रुग्णाला तोंडावाटे काहीही न देता त्याचे पोषण चालू ठेवणे. अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारे औषध ही यांची जोड आहे. छाती उघडून केलेले ऑपरेशन हीच तीन कामे करते आणि दुर्बिणीतून केलेला उपचारही हीच तीन कामे करतो. तुमच्या काकांना एवढे जरूर सांगावे की चिरा आहे की नाही यावरून उपचार पूर्ण की अर्धवट हे ठरत नसते. ही तीन कामे झाली की नाहीत यावरून ते ठरते.

आता दुर्बिणीतल्या साधनांविषयी. भोक ताजे असेल, कडा स्वच्छ असतील आणि लांबी एक सेंटीमीटरच्या आत असेल, तर दुर्बिणीच्या वाहिनीतून जाणाऱ्या लहान क्लिपांनी ते बंद करता येते. त्याहून मोठ्या, सुमारे दोन सेंटीमीटरपर्यंतच्या भोकासाठी दुर्बिणीच्या टोकावर टोपीसारखी बसवून नेलेली मोठी क्लिप असते. ती सापळ्याच्या जबड्यासारखी मिटते आणि भिंतीची पूर्ण जाडी पकडते. नानांच्या बाबतीत मात्र पन्नास तास उलटून गेले आहेत, कडा सुजलेल्या आणि ठिसूळ झालेल्या असणार, आणि अशा कडांमध्ये क्लिप टिकत नाही. ती कापून बाहेर येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आत पू असताना वरून तोंड बंद केले तर पू आत कोंडला जातो. तुमच्या डॉक्टरांनी क्लिपचा पर्याय मांडलाच नाही, यामागे बहुधा हेच कारण असावे.

स्टेंट म्हणजे निटिनॉल या मिश्रधातूची जाळीदार नळी, जिच्यावर प्लॅस्टिकसारखे पातळ आवरण असते. ती अन्ननलिकेत आतून उघडते, भोक झाकते आणि लाळ थेट खाली जठराकडे जाऊ देते. साधारणपणे दोन ते चार आठवड्यांनी, काही वेळा सहा आठवड्यांनी ती काढून घेतात. तिची मोठी अडचण अशी की ती जागेवरून घसरते. कर्करोगात अन्ननलिका अरुंद झालेली असते, म्हणून स्टेंटला पकड मिळते. नानांची अन्ननलिका मूळची निरोगी आणि रुंद आहे, त्यामुळे घसरण्याची शक्यता अधिक. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : स्टेंट भोक झाकतो, पण भोकाबाहेर साचलेला पू काढत नाही. तो पू छातीतल्या नळीने किंवा अन्य मार्गाने निघत असेल तरच स्टेंटचा उपयोग होतो.

स्पंजची पद्धत याच उणिवेवर उत्तर म्हणून आली. उघड्या जखमेवर स्पंज लावून सक्शन जोडण्याची जी पद्धत मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी आपल्याकडे सर्रास वापरली जाते, तीच येथे शरीराच्या आत वापरली जाते. नाकातून घातलेल्या नळीच्या टोकाला पॉलियुरेथेनचा सच्छिद्र स्पंज शिवलेला असतो. अनेक ठिकाणी डॉक्टर तो पोकळीच्या मापाने स्वतः कापून रायल्स ट्यूबला, म्हणजे नाकातून जठरात घालायच्या नेहमीच्या नळीला, शिवतात. दुर्बिणीच्या साहाय्याने तो स्पंज भोकातून पुवाच्या पोकळीत, किंवा पोकळी फारच लहान असेल तर भोकासमोर अन्ननलिकेतच ठेवतात आणि नळीला साधारण उणे १२५ मिलीमीटर पाऱ्याइतके सतत सक्शन जोडतात. स्पंज पू आणि लाळ ओढून घेतो, पोकळीच्या भिंती जवळ आणतो, सूज उतरवतो आणि तेथे लालसर दाणेदार नवे मांस वाढू लागते. दर तीन ते पाच दिवसांनी स्पंज बदलावा लागतो, कारण जास्त दिवस ठेवला तर हेच नवे मांस त्याच्या छिद्रांत शिरते आणि काढताना रक्तस्राव होतो. प्रत्येक बदलाच्या वेळी पोकळी किती आकसली हे डॉक्टरांना प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसते, आणि पुढचा स्पंज तितका लहान कापला जातो. माझ्या मते या पद्धतीचे खरे बळ येथे आहे : जखम कशी भरते आहे याचा अंदाज बांधावा लागत नाही, ती दर चार दिवसांनी पाहता येते.

यात धोका नाही असे समजू नये. २७ सेंटीमीटर ही पातळी महारोहिणीच्या कमानीच्या थोडी खाली आहे. हाडाचे टोक कोणत्या दिशेने गेले होते आणि पुवाची पोकळी महारोहिणीपासून किती अंतरावर आहे, हे सीटीवर नीट पाहिल्याशिवाय तेथे सक्शन लावू नये. उद्याचा पहिला प्रश्न हाच असू द्या. दुसरा प्रश्न असा : दुर्बीण करताना अन्ननलिका फुगवण्यासाठी साधी हवा वापरणार की कार्बन डायऑक्साइड? भोक उघडे असताना साधी हवा छातीत शिरून फुप्फुस दाबू शकते, तर कार्बन डायऑक्साइड लवकर शोषला जातो. तिसरा प्रश्न : रात्री-अपरात्री काही बिघडले तर दुर्बीण करणारे आणि छातीचे शल्यचिकित्सक हे दोघेही त्याच इमारतीत उपलब्ध आहेत का? तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल, तर रुग्ण स्थिर आहे तोवरच त्याला दुसरीकडे हलवणे योग्य.

तुम्ही दिलेले आकडे, म्हणजे टिकलेला रक्तदाब, मास्कवर चाललेला श्वास आणि एका जागी मर्यादित राहिलेला पू, हे दुर्बिणीच्या उपचाराला अनुकूल आहेत. परंतु स्पंज बसवल्यावर दोन दिवसांत ताप आणि नाडी उतरणीला लागली नाही, तर 'आणखी थोडे थांबू' असे कोणीही म्हणू नये.

आणि केळ्याविषयी. आपल्या भागात हे घरोघरी केले जाते, म्हणून स्पष्ट लिहितो. टोकदार हाड किंवा काटा अडकलेला असताना केळे, भाताचा गोळा किंवा कोरडी भाकरी गिळली, तर त्या घासाच्या दाबाने टोक भिंतीत आणखी खोल रुतते. युरोपीय एंडोस्कोपी संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अन्ननलिकेतली टोकदार वस्तू शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा सहा तासांत काढली पाहिजे. तुम्ही जे केले ते प्रेमापोटी आणि ऐकीव माहितीवर केले. त्याचा अपराध मनाशी धरू नका, पण गावात चार जणांना हे अवश्य सांगा.

छातीशल्य

मी शल्यचिकित्सक आहे. वरील उत्तराशी मी जवळजवळ पूर्ण सहमत आहे. तरीही ऑपरेशनची बाजू नीट मांडली जावी असे मला वाटते.

या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन लायडनचे वैद्य हर्मन बोअरहाव यांनी १७२४ साली प्रसिद्ध केले. डच आरमाराच्या एका सरदाराची अन्ननलिका भरपेट जेवणानंतरच्या जोरदार ओकारीने फाटली होती आणि एका दिवसाच्या आत त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदन करताना छातीच्या पोकळीत त्याने खाल्लेल्या बदकाचा वास येत होता, अशी नोंद बोअरहाव यांनी केली आहे. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे हे निदान म्हणजे मृत्यूच मानला जाई. १९४७ साली नॉर्मन बॅरेट यांनी असा एक रुग्ण ऑपरेशनने वाचवल्याचे प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून छाती उघडणे हा या आजाराचा मान्य उपचार झाला. तुमच्या शल्यचिकित्सकांच्या बोलण्यामागे हा सगळा अनुभव उभा आहे. त्यांना सुरीची हौस आहे असे धाकट्या भावाने समजू नये.

ऑपरेशनला पर्याय नाही अशा अवस्था आजही आहेत. पू एका जागी न राहता संपूर्ण छातीत पसरला असेल, रक्तदाब टिकवायला औषधे लागत असतील, अन्ननलिकेचा मोठा भाग काळा पडून मृत झाला असेल, फाट खूप लांब असेल, किंवा जेथे छिद्र पडले तेथे मुळातच कर्करोग असेल, तर दुर्बिणीवर विसंबणे चुकीचे आहे. याउलट, पन्नास तासांनंतर छाती उघडून सुजलेल्या, ठिसूळ कडा शिवायच्या म्हटल्या तर टाका धरतोच असे नाही. अशा वेळी आम्हीही आसपासचा स्नायू किंवा आवरण त्यावर आणून बसवतो, आणि तरीही काही रुग्णांत पुन्हा गळती होते. म्हणजे उशीर झाला हे कारण जसे ऑपरेशनच्या बाजूने दिले जाते, तसेच ते त्याच्या विरुद्धही जाते. तुमच्या काकांना 'खात्रीचा मार्ग' हा शब्द फार आवडला असावा, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

मधला मार्गही आहे. स्पंज दुर्बिणीतून बसवावा आणि उजव्या फुप्फुसाभोवतीचा पू घट्ट झाला असेल तर छातीत दोन-तीन लहान छिद्रांतून दुर्बीण घालून तो धुऊन काढावा. दोन्ही डॉक्टरांना एकाच वेळी, एकाच खोलीत बसवून विचारा. वेगवेगळ्या वेळी विचारले की प्रत्येकाच्या बोलण्यातला अर्धाच भाग घरच्यांपर्यंत पोहोचतो.

दोंडाईचा वाचक

दादा, माझ्या मोठ्या भावाला तीन वर्षांपूर्वी हाच आजार झाला, फक्त कारण वेगळे होते. लग्नाच्या जेवणानंतर त्याला एकामागून एक जोरात उलट्या झाल्या आणि अन्ननलिका खालच्या टोकाला, जठराच्या थोडी वर, डाव्या बाजूने फाटली. दोंडाईच्याहून धुळ्याला आणि तेथून मुंबई-आग्रा रस्त्याने नाशिकला जाईपर्यंत रात्र झाली. निदान मात्र पहिल्याच दिवशी झाले, हे आमचे नशीब.

त्याला स्टेंट टाकला होता. सहाव्या दिवशी त्याच्या छातीतल्या नळीला जोडलेल्या बाटलीत पुन्हा गढूळ पाणी दिसू लागले. एक्स-रे काढला तर स्टेंट घसरून अर्धा जठरात गेलेला होता. त्याच रात्री दुर्बिणीतून तो वर ओढून बसवला आणि वरच्या कडेला क्लिप मारून टाचला. पुढे एकदा छातीत दुर्बीण घालून पू धुवावा लागला. स्टेंट पाचव्या आठवड्यात काढला. एकूण ४१ दिवस रुग्णालयात गेले. आज तो मिरचीचा व्यापार पाहतो आणि सगळे खातो, फक्त भाकरी दुधात किंवा रश्श्यात भिजवून घेतो.

हे सांगण्याचा हेतू असा की 'दुर्बिणीतून' हा शब्द ऐकून आमच्या घरच्यांनी चार दिवसांत सुटी होईल असे गृहीत धरले होते. वहिनी एकच पिशवी घेऊन आल्या होत्या. स्टेंट घसरला त्या दिवशी सगळ्यांना वाटले की डॉक्टरांनी फसवले. वास्तविक घसरण्याची शक्यता त्यांनी सहीच्या कागदावर आधीच लिहून दिली होती. आम्हीच तो वाचला नव्हता. तुम्ही तो कागद सही करण्यापूर्वी मोठ्याने वाचून घ्या, आणि काकांना समोर बसवून वाचा.

खर्चाचे म्हणाल तर रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असेल तर तेथे आरोग्यमित्र बसतो. नानांना जे करणार आहेत ते योजनेत कोणत्या नावाखाली बसते, आणि प्रत्येक स्पंज बदलण्याचा खर्च वेगळा धरतात की एकत्र, हे त्याला आजच विचारा. आम्ही ते दहाव्या दिवशी विचारले आणि त्यामुळे बरीच ओढाताण झाली.

निवृत्त परिचारिका, धुळे

अतिदक्षता विभागात मी एकवीस वर्षे काम केले आहे. औषधांविषयी डॉक्टर बोललेच आहेत; मी घरच्यांनी काय सांभाळायचे ते लिहिते, कारण चांगला चाललेला उपचार नातेवाईकांच्या मायेने बिघडलेला मी पाहिला आहे.

'तोंडावाटे काही नाही' याचा अर्थ खरोखर काहीही नाही, असा आहे. पाणी नाही, तीर्थ नाही, बर्फाचा खडा नाही, 'फक्त घसा ओला करायला' एक चमचा नाही. रुग्ण हात जोडतो, ओठ सुकलेले दिसतात आणि आपल्याला राहवत नाही, हे मी समजू शकते. त्यासाठी कापसाच्या बोळ्याने ओठ आणि हिरड्या ओल्या कराव्यात, ओठांना तूप लावावे आणि दिवसातून चार-पाच वेळा तोंड स्वच्छ करावे. तोंडातले जंतूच लाळेबरोबर त्या पोकळीत उतरतात, म्हणून तोंडाची स्वच्छता हा या आजारात उपचाराचाच भाग आहे. नानांची कवळी काढून डबीत ठेवा. खाटेचे डोके तीस ते पंचेचाळीस अंश उंच असू द्या.

स्पंज बसवला तर नाकातून एक नळी बाहेर येईल आणि सक्शनच्या यंत्राला किंवा भिंतीतल्या जोडणीला लागेल. नळी नाकपुडीतून जेथे बाहेर पडते तेथे परिचारिका पेनाने काळी खूण करतात. ती खूण रोज सकाळ-संध्याकाळ पाहा. ती नाकापासून बोटभर जरी दूर सरकलेली दिसली, तरी स्वतः नळी आत ढकलू नका. लगेच परिचारिकेला बोलवा. बाटलीत सुरुवातीला मळकट, दुर्गंधी असलेला स्राव येतो, पुढे तो लाळेसारखा होत जातो. एकदम लाल रक्त दिसले तर धावत जाऊन सांगायचे, फोन करत बसायचे नाही. तसेच यंत्राचा आवाज एकाएकी थांबला किंवा वीज गेली तर सक्शन चालू आहे का, हे विचारा. सक्शन काही तास बंद राहिले तर स्पंज हा नुसता बोळा होऊन बसतो आणि त्याच्यामागे पू साचतो.

पोषणासाठी दुसरी एक बारीक नळी नाकातून जठराच्या पुढे लहान आतड्यात सोडतील, किंवा पोटाला छोटे छिद्र करून आतड्यात बसवतील. या नळीने अन्न थेंबाथेंबाने जाते. आमच्याकडे एका शेतकरी कुटुंबाने ताकद यावी म्हणून अशा नळीतून घरचे केळ्याचे शिकरण मिक्सरमध्ये फिरवून दिले होते. नळी दोन तासांत बुजली. ती पुन्हा बसवायला दुर्बीण करावी लागली आणि त्या रुग्णाचे दोन दिवस उपासात गेले. आहारतज्ज्ञ जे पातळ द्रावण देतील तेच द्यावे, आणि प्रत्येक वेळी आधी व नंतर साधे पाणी सोडून नळी धुवावी. तुमच्या घरी केळी भरपूर आहेत म्हणून हे आवर्जून लिहिते.

नानांशी रोज बोला. स्पंज बदलायला दर वेळी भूल द्यावी लागते, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी रुग्णाचे मन खचते. 'आज पोकळी किती झाली' हे डॉक्टरांना विचारून त्यांना बोटाच्या पेराने दाखवा. माणसाला आपण बरे होत आहोत हे मापाने कळले की तो सोसतो.

यावलकर

सर्वांचे मनापासून आभार. मी हे सगळे भावाला आणि काकांना वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी दोन्ही डॉक्टर एकत्र बसले. पोकळी मागच्या उजव्या बाजूला आहे आणि महारोहिणीपासून दूर आहे, हे त्यांनी सीटीची चित्रे दाखवून समजावले, आणि कार्बन डायऑक्साइडची सोय त्यांच्याकडे आहे. शल्यचिकित्सकांनीच सांगितले की स्पंज लावून अठ्ठेचाळीस तास पाहू, ते स्वतः रोज दोनदा येतील. त्यानंतर काकांनी विरोध केला नाही.

आज सोळावा दिवस आहे. आतापर्यंत चार वेळा स्पंज बसवला. तिसऱ्या दिवशीच ताप उतरला. पहिल्या वेळी पोकळी लिंबाएवढी होती, चौथ्या वेळी त्यात हरभऱ्याच्या दाण्याएवढा स्पंज बसला. छातीतली नळी काल काढली. नाना खुणेने नव्हे तर तोंडाने पाणी मागतात आणि मी बोळ्याने ओठ ओले करतो. डॉक्टर म्हणतात की पुढच्या वेळी स्पंज काढून पुन्हा न बसवता तपासणी करतील. ती तपासणी म्हणजे नेमके काय, आणि पाणी कधी देता येईल?

पोटविकार, जळगाव

वाचून फार समाधान वाटले. पोकळी जवळजवळ भरली की स्पंज काढतात आणि नानांना पाण्यात विरघळणारे रंगद्रव्य थोडेसे गिळायला देऊन एक्स-रे किंवा सीटीवर त्याचा प्रवास पाहतात. बेरियम यासाठी प्रथम वापरत नाहीत, कारण ते बाहेर गळले तर छातीत दाह निर्माण करते. रंगद्रव्य सरळ जठरात उतरले आणि बाजूला कोठेही पाझरले नाही, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घोटभर पाण्याने सुरुवात होते. मग पातळ पदार्थ, आणि साधारण आठवडाभराने मऊ भात. पाणी दिल्यावर ताप आला किंवा छातीत दुखले तर लगेच पुन्हा सर्व बंद करून कळवायचे. आतड्यातली नळी पहिल्याच दिवशी काढण्याचा आग्रह धरू नका. तोंडाने पुरेसे अन्न जाईपर्यंत तिचा उपयोग आहे.

घरी गेल्यावर दीड-दोन महिन्यांत घास अडकतोय असे नानांना वाटू लागले, तर जखमेच्या जागी अन्ननलिका आकसली असण्याची शक्यता असते. ती दुर्बिणीतून फुग्याने हळूहळू रुंद करता येते, पण त्यासाठी वेळेवर यावे लागते. भाकरी पाण्याबरोबर ढकलून दिवस काढू नयेत. कवळी दंतवैद्याला दाखवून बसते आहे की नाही ते पाहून घ्या, आणि यापुढे नानांच्या ताटात मटण वाढायचे झाल्यास आधी हाताने चाचपून सगळी हाडे काढलेले वाढा.